‘तुन्हाकडे पयस, मन्हाकडे झोपस’: फर्मवेअर अपडेटनंतर मंदावलेल्या एका लॅपटॉपचं प्रकरण

मे महिन्याचा तिसरा आठवडा होता. अमळनेरला पारा ४४ च्या वर गेला होता आणि दुपारी बारानंतर बाजारपेठेत चिटपाखरू नव्हतं. अशा वेळी पारोळ्याहून एक मुलगा एसटीने माझ्या लॅपटॉप दुरुस्तीच्या दुकानात आला, पिशवीतून लॅपटॉप काढला, टेबलावर ठेवला आणि आधी माठातलं दोन ग्लास पाणी प्यायला. त्याच्या वडिलांचं कृषी सेवा केंद्र आहे. त्यांना सगळे आप्पा म्हणतात, मीही म्हणतो. कपाशीच्या बियाण्याचा हंगाम तोंडावर, खतांचा साठा उतरवून घेणं चालू, आणि हिशेबाचं सॉफ्टवेअर टॅली उघडायला पाच-पाच मिनिटं लागत होती.

लॅपटॉप चौदा इंची, ऑफिसात वापरतात त्या जातीचा, सेकंडहँड घेतलेला. आत इंटेलचा आय-फाइव्ह ८२५०यू, ८ जीबी रॅम, २५६ जीबी एसएसडी. आजच्या मानाने जुना खरा, पण टॅली आणि ब्राउझरसाठी काही कमी नाही. मुलाने सांगितलेली हकिगत अशी: रात्री दुकान बंद करताना ‘अपडेट अँड शट डाउन’ दाबलं. नेहमीसारखा बंद न होता तो परत चालू झाला, काळ्या स्क्रीनवर कंपनीचं चिन्ह आलं, खाली पट्टी सरकत राहिली, पंखा भरारा फिरला. घाबरून कुणी हात लावला नाही, हे बरं केलं. सकाळपासून मात्र लॅपटॉप गोगलगाय.

काळी स्क्रीन, कंपनीचं चिन्ह, सरकती पट्टी आणि मोठ्याने फिरणारा पंखा म्हणजे हे विंडोजचं साधं अपडेट नव्हे. हे फर्मवेअर, म्हणजे विंडोजच्याही आधी जागं होऊन यंत्र चालवणारं मूळ सॉफ्टवेअर. ते मदरबोर्डवरच्या एका छोट्या चिपमध्ये राहतं, आणि हल्ली विंडोज अपडेटच ते गुपचूप आणून ठेवतं. रीस्टार्ट झाल्यावर ते चिपमध्ये लिहिलं जातं. बहुतेक वेळा त्याच पुडक्यात एम्बेडेड कंट्रोलरचंही फर्मवेअर असतं. हा कंट्रोलर म्हणजे पंखा, बॅटरी, चार्जर, कीबोर्ड सांभाळणारा लॅपटॉपचा मुनीम. या प्रकरणात पुढे सगळा घोळ मुनीमजींपाशीच निघाला, पण तिथे पोचायला मला चार दिवस लागले. त्यातले निदान तीन माझ्याच चुकीने गेले.

चूक अशी. खान्देशात मे महिन्यात हळू चाललेला लॅपटॉप आला की हात आपोआप स्क्रू-ड्रायव्हरकडे जातो. दहातल्या आठ वेळा पंख्यात धूळ, सुकून पापुद्रा झालेली थर्मल पेस्ट, आणि वर ४४ अंश. हा तर बियाण्याच्या दुकानातला, म्हणजे आत कीटकनाशकाच्या भुकटीचाही थर. उघडला, ब्लोअर मारला, पेस्ट बदलली, माझ्या टेबलावरचा चार्जर लावून चालू केला. ४० सेकंदांत डेस्कटॉप, टॅली लगेच उघडली. तासभर चालवून पाहिला, एकदाही अडखळला नाही. ६०० रुपये घेतले आणि मुलाला संध्याकाळच्या गाडीने पाठवलं. स्वतःवर खूश होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेनऊला आप्पांचा फोन.

‘‘भाऊ, हाई काय शे? तुन्हाकडे पयस, मन्हाकडे झोपस!’’ म्हणजे, तुझ्याकडे पळतो, माझ्याकडे झोपतो.

मी आणखी एक दिवस ‘दुकानात गरम होत असेल, कूलरसमोर ठेवा’ असं सांगण्यात घालवला. आप्पांनी कूलरसमोर ठेवला. लॅपटॉप गार झाला, वेग तोच. मधल्या काळात पारोळ्यातच कुणीतरी त्यांना ‘फॉरमॅट मारा, नवीन होईल’ असा सल्ला दिला. तो त्यांनी ऐकला नाही, कारण टॅलीचा डेटा आत होता आणि बॅकअपचा पेन ड्राइव्ह सापडत नव्हता. नशीब. फॉरमॅट होतं एसएसडी, फर्मवेअर राहतं मदरबोर्डच्या चिपमध्ये. पाटी कोरी झाली असती आणि लॅपटॉप होता तसाच राहिला असता. ‘अपडेटनंतर बिघडलं, मारा फॉरमॅट’ हा आमच्या धंद्यातला अंगारा आहे. गुण आला तर बाबांचा, नाही आला तर रोग्याचं नशीब.

मग मी जे पहिल्याच दिवशी करायला हवं होतं ते केलं. मुलाला म्हटलं, टास्क मॅनेजर उघड, परफॉर्मन्समध्ये सीपीयू दाब, आणि मोबाइलवर व्हिडिओ काढून पाठव. व्हिडिओत दोन आकडे होते. वापर १०० टक्के. वेग ०.३९ गिगाहर्ट्झ.

हा आकडा ज्याने एकदा पाहिला तो विसरत नाही. ८२५०यूचा मूळ वेग १.६०, गरज पडली की तो ३.४० पर्यंत चढतो. हा प्रोसेसर १०० मेगाहर्ट्झच्या पटीत चालतो आणि त्याची सगळ्यात खालची पायरी चार पट, म्हणजे ४०० मेगाहर्ट्झ. टास्क मॅनेजर ते ०.३९ किंवा ०.४० असं दाखवतो. काम नसताना वेग खाली उतरला तर ते योग्यच. पण वापर १०० टक्के आणि वेग तळाला, हे दोन्ही एकाच वेळी दिसलं तर प्रोसेसर थकलेला नाही, कुणीतरी त्याला धरून ठेवलंय. बैल धडधाकट आहे, कासरा मागून कुणी खेचला ते शोधायचं.

त्याच व्हिडिओमुळे संशयितांची यादीही पटकन आटोपली. फर्मवेअर अपडेटबरोबर प्रोसेसरचा मायक्रोकोड, म्हणजे त्याच्या आतल्या मूळ सूचना, बदलतो, आणि त्यामुळे वेग घटल्याची उदाहरणं खरी आहेत. जानेवारी २०१८ मध्ये मेल्टडाउन आणि स्पेक्टर हे प्रोसेसरमधले सुरक्षेचे दोष उघड झाल्यावर आलेल्या दुरुस्त्यांनी जुनी यंत्रं मंदावली. इंटेलच्या पहिल्या मायक्रोकोडने काही यंत्रं आपोआप रीस्टार्ट व्हायला लागली, म्हणून तो तेव्हा मागेही घ्यावा लागला. ऑगस्ट २०२३ मध्ये डाउनफॉल नावाचा दोष बाहेर आला, सहाव्या ते अकराव्या पिढीच्या इंटेल प्रोसेसरांमधला, आणि काही खास प्रकारच्या आकडेमोडीत त्याच्या दुरुस्तीचा फटका ५० टक्क्यांपर्यंत बसू शकतो असं इंटेलनेच सांगितलं. पण हे सगळे टक्क्यांचे हिशेब आहेत, तेही ठरावीक कामांत. टॅलीचं व्हाउचर भरताना ते कुणाला कळणारही नाही. इथे वेग चौथ्या हिश्श्यावर आला होता आणि तिथेच खिळला होता. घट किती आहे त्यावरून रोगाची जात कळते, हे मी नव्या पोरांना नेहमी सांगतो आणि या वेळी स्वतःच विसरलो होतो.

उष्णताही बाद झाली. तापमान दाखवणारा फुकट प्रोग्राम मुलाकडून टाकून घेतला. प्रोसेसर ५२ अंशांवर. हा प्रोसेसर ९५-१०० च्या घरात गेल्याशिवाय तापला म्हणून वेग सोडत नाही. त्याच प्रोग्राममध्ये ‘बीडी प्रॉकहॉट’ या ओळीपुढे ‘येस’ होतं.

नावावरून गोंधळ होतो म्हणून थोडं सविस्तर सांगतो. प्रॉकहॉट म्हणजे ‘प्रोसेसर तापलाय’ असं सांगणारी मदरबोर्डवरची एक तार. मूळ कल्पना अशी की प्रोसेसर तापला की त्याने ती ओढायची. बीडी म्हणजे दोन्हीकडून. तीच तार बाहेरूनही ओढता येते, आणि ती ओढली गेली की प्रोसेसर काही न विचारता तळाच्या पायरीवर जाऊन बसतो. बाहेरून ओढणारा बहुधा तो मुनीम, एम्बेडेड कंट्रोलर. त्याची कारणं वेगळी असतात: पॉवर सर्किट तापलं, बॅटरी धड नाही, किंवा चार्जर ओळखीचा नाही. म्हणजे नावात ‘हॉट’ असलं तरी यंत्र थंडगार असताना हे होऊ शकतं. मी पेस्ट बदलत बसलो होतो ते या नावाच्या अगदी उलट दिशेला.

इव्हेंट व्ह्यूअर या विंडोजच्या नोंदवहीत त्याची नोंद राहते. सिस्टिम लॉगमध्ये ‘कर्नल-प्रोसेसर-पॉवर’ या स्रोताखाली ३७ क्रमांकाची सूचना असते: सिस्टिम फर्मवेअरने प्रोसेसरचा वेग मर्यादित केला आहे, आणि इतके सेकंद तो तसाच आहे. मुलाकडून फिल्टर लावून घेतला. अपडेटच्या रात्रीपासून आप्पांकडे प्रत्येक वेळी चालू करताना ३७. पण त्याआधीही, जानेवारीत एक आणि मार्चमध्ये दोन नोंदी होत्या. दुखणं जुनं होतं.

‘‘जानेवारीत कधी हळू झाला होता का रे?’’

‘‘मधून मधून व्हायचा. वायर जरा दाबून ठेवली की नीट चालायचा.’’

‘‘कोणती वायर?’’

‘‘चार्जरची. आम्ही तिच्यावर पावतीबुक ठेवतो.’’

पहिल्या दिवशी मुलगा लॅपटॉप घेऊन आला होता, चार्जर नाही. मी माझा लावला. म्हणून माझ्याकडे पळत होता. ग्राहक चार्जर आणत नाही आणि आपण मागत नाही, इतकी साधी गोष्ट.

चौथ्या दिवशी आप्पा स्वतः आले, लॅपटॉप, चार्जर आणि पावतीबुकासकट. ‘‘चार्जर तं चालू शे, लाईट लागस ना त्यानी,’’ हे त्यांनी दुकानात पाय ठेवतानाच सांगितलं. त्यांचा चार्जर लावून लॅपटॉप चालू केला. विंडोज येण्याआधी काळ्या स्क्रीनवर इंग्रजीत चार ओळी आल्या: चार्जरचा प्रकार ओळखता आला नाही, लॅपटॉप हळू चालेल आणि बॅटरी चार्ज होणार नाही, पुढे जाण्यासाठी कळ दाबा. मुलाने सवयीने एन्टर दाबला. हे रोज येत होतं. ‘‘ते तर एन्टर मारलं की जातं,’’ तो म्हणाला. बिघाड स्वतःच्या तोंडाने कबुली देत होता आणि आम्ही त्याला रोज एन्टर मारून गप्प करत होतो. आमच्या याच अमळनेरात १९४५ साली तेलाच्या गिरणीतून विप्रो उभी राहिली. विप्रोच्या शेअरचा भाव तोंडपाठ असलेले आजोबा इथे गल्लोगल्ली भेटतील, पण स्क्रीनवरच्या चार ओळी वाचायला आम्हाला कुणालाच वेळ नसतो. त्यात मीही आलो.

या जातीच्या चार्जरच्या प्लगमध्ये बाहेरची कडी, आतली कडी आणि मधोमध सुईसारखी पिन असते. वीज दोन कड्यांतून जाते. मधल्या पिनेतून फक्त ओळख जाते: मी अमुक वॉटचा चार्जर आहे. ही ओळख पटली नाही तर चार्जर ४५ चा आहे की ६५ चा की ९० चा हे मुनीमाला कळत नाही. मग तो सावधपणे सगळ्यात कमी वीज ओढतो, बॅटरी चार्ज करणं थांबवतो आणि प्रोसेसरचा कासरा खेचतो. चार्जरवरचा दिवा मात्र लागतोच, कारण दिव्याला ओळखीशी देणंघेणं नाही. मल्टिमीटर लावला तर १९.५ व्होल्ट चोख.

मग एकेक करून तपासलं. आप्पांचा चार्जर: ०.३९. चार्जर काढून नुसत्या बॅटरीवर: तीनच्या आसपास. माझा चार्जर थेट लावला: पुन्हा ०.३९. इथे मी चक्रावलो. चार्जर चांगला असूनही हळू? लॅपटॉप पूर्ण बंद केला, चार्जर काढला, पॉवरचं बटण अर्धा मिनिट दाबून धरलं म्हणजे आतला उरलासुरला करंट उतरतो, आणि माझ्या चार्जरवर चालू केला. वेग ३ च्या वर. म्हणजे एकदा ओळख हुकली की हा मुनीम पूर्ण बंद होईपर्यंत राग धरून बसत होता. जॅक दोषी नाही, हेही त्यात कळलं, कारण त्याच जॅकमध्ये माझ्या चार्जरची ओळख पटत होती.

आता प्रश्न उरला तो अपडेटचा. वायर जानेवारीपासून खराब होती तर अपडेटच्या रात्रीच कायमचं का बिघडलं? इथे नशिबाने साथ दिली. हेच मॉडेल सेकंडहँड बाजारात ढिगाने मिळतं, माझ्याकडे विक्रीला एक होतं आणि त्याचं फर्मवेअर जुनं होतं. आप्पांचा चार्जर त्याला लावला आणि चालू असताना प्लगजवळची वायर हलवली. वेग ०.३९ वर पडला, वायर सरळ केली की आठ-दहा सेकंदांत परत वर. आप्पांच्या लॅपटॉपवर तेच केलं: पडला, आणि वायर सरळ केल्यावरही पडलेलाच राहिला. चार्जर एक, मॉडेल एक, फर्मवेअरच्या आवृत्त्या दोन. जुनं फर्मवेअर हुकलेली ओळख विसरत होतं, नवं लक्षात ठेवत होतं. पावतीबुकाचा उपाय जुन्या फर्मवेअरवर चालायचा, नव्यावर चालेना.

तेव्हा अपडेटने बिघडवलं का, या आप्पांच्या प्रश्नाला मी ‘हो आणि नाही’ असं दिलेलं उत्तर टाळाटाळ नव्हती. बिघाड वायरीत होता. अपडेटने तो खपवून घेणं बंद केलं.

खात्रीसाठी प्लगच्या मागचं रबर सोललं. तीन तारांपैकी ओळखीची तार केसाएवढी बारीक असते आणि ती अगदी वाकायच्या जागी एका धाग्यावर लोंबत होती. डाग देऊन जोडली, लॅपटॉप बंद करून चालू केला. सुरुवातीच्या चार ओळी आल्या नाहीत, वेग नीट, बॅटरी चार्ज व्हायला लागली.

‘‘झालं की मग!’’ आप्पा उठायला लागले.

मी त्यांना बसवलं. चार्जर डुप्लिकेट होता. लेबलवर ६५ वॉट लिहिलेलं, हातात घेतला तर खेळण्यासारखा हलका, आणि पंधरा मिनिटांत धरवेना इतका तापला. त्याच्या शेजारी दुकानात पुठ्ठ्याचे खोके आणि रसायनांच्या बाटल्या. मी नवीन ओरिजनल घ्यायला सांगितला. मुलाने यूट्यूबवर पाहून ठेवलेला उपाय काढला: एक प्रोग्राम टाकायचा, बीडी प्रॉकहॉटची टिक काढायची, फुकटात वेग. हा उपाय चालतो, खोटं नाही. निदानासाठी मीही पाच मिनिटं ती टिक काढून पाहिली होती, आणि चुकीच्या चार्जरवरही वेग झटक्यात वर गेला होता. पण कायमची टिक काढणं म्हणजे फ्यूज सारखा उडतो म्हणून तिथे जाड तार घालणं. मुनीम ओरडतोय तो चार्जर किती सोसेल हे माहीत नाही म्हणून. खरोखरच ६५ वॉट न झेपणाऱ्या चार्जरवर हे केलं तर एक दिवस त्याचा वास येईल. जिथे चार्जर ओरिजनल आहे, बॅटरी ठीक आहे आणि एखादा सेन्सरच खोटं बोलतोय हे सिद्ध झालंय, तिथे मी नाइलाजाने हा उपाय केलेला आहे. इथे ती वेळ नव्हती.

दुसरी वाट होती जुनं फर्मवेअर परत टाकण्याची. करून पाहिली. त्याआधी बिटलॉकर, म्हणजे विंडोजने डिस्कला लावलेलं कुलूप, थांबवला आणि त्याची ४८ अंकी किल्ली कागदावर लिहून घेतली. हे न करता फर्मवेअरला हात लावणारे पुढच्या वेळी निळ्या स्क्रीनसमोर किल्ली शोधत बसतात. पण मागची आवृत्ती यंत्राने नाकारली. सुरक्षेची भोकं बुजवलेलं फर्मवेअर कुणी मागे नेऊ नये म्हणून कंपन्या अशी कडी लावून ठेवतात. मला वाईट वाटलं नाही. सोललेल्या वायरीसाठी फर्मवेअर मागे नेणं हा तसाही उलटा न्याय झाला असता.

चार्जर आला १,९०० रुपयांना. पेस्टचे आणि सफाईचे घेतलेले ६०० त्यातून वजा केले, कारण त्या कामाचा या दुखण्याशी काही संबंध नव्हता. आप्पा नको म्हणत होते, पण चूक माझी होती. तरी एक गोष्ट राहिली. नव्या चार्जरवर दोन दिवसांनी मुलगा म्हणाला, ‘‘चांगला आहे, पण पूर्वीइतका नाही.’’ या वेळी व्हिडिओच मागवला. वेग १.८ च्या पुढे जात नव्हता. अपडेटने सगळ्या सेटिंग मूळ जागी नेल्या होत्या आणि पंख्याचा मोड ‘शांत’वर गेला होता. पारोळ्याच्या मे महिन्यात ‘शांत’ मोड ठेवणं म्हणजे भर उन्हात पंखा बंद करून बसणं. फोनवरच बदलून घेतला. पंखा आता घोंगावतो, आप्पांना ऐकू येत नाही.

बॅटरीचा रिपोर्टही काढला होता. बनवली तेव्हा ५१ वॉट-तासांची, आता जेमतेम २३ भरते. लाईट गेली की पूर्वीच्या निम्माही वेळ नाही. आप्पांना सांगितलं तर म्हणाले, दिवाळीनंतर बघू, आधी कपाशी लागू दे.

जूनच्या शेवटी खताच्या पावत्यांचा प्रिंटर लावायला पारोळ्याला गेलो होतो, तेव्हा लॉग उघडून पाहिला. चार्जर बदलल्यापासून ३७ ची एकही नोंद नव्हती. नव्या चार्जरच्या वायरीवर पावतीबुक ठेवलेलं होतं. मी ते उचलून बाजूला ठेवलं, चहा आला, चहा घेऊन निघेपर्यंत ते परत तिथेच.